थांबणाऱ्या यंत्राची बाजू

माळव्यात स्थिरावलेल्या मराठी घराण्यांची मोडी दप्तरे आमच्या ग्रंथालयाने पानोपान छायांकित करून एका सर्व्हरमध्ये ठेवली आहेत. हा सर्व्हर मध्यंतरी आठवड्यातून दोन-तीनदा आपोआप बंद पडू लागला. सभासदांत कुरकुर झाली. कार्यकारिणीत सूचना आली की, हे महागडे दुखणे काढून त्याजागी साधा घरगुती संगणक बसवावा. तो निदान कामाच्या मध्येच थांबत तरी नाही. आम्ही या सूचनेस विरोध केला. तो का, हे येथे मांडतो.

यंत्रातील दोष शोधताना एका वेळी एकच गोष्ट बदलावी, हा मुख्य नियम. प्रथम वीज पाहिली. यूपीएस बदलला, तरी फरक पडेना. मग उष्णता पाहिली. पंखे फिरत होते, धूळ झाडली, तापमान मर्यादेतच होते. शेवटी यंत्र स्वतःच राखते ती घटनांची नोंद उघडली. तीत स्मृतीच्या एकाच खाचेचा क्रमांक वारंवार येत होता. आता दोष खाचेचा, की तीत बसवलेल्या पट्टीचा? वीज तोडून ती पट्टी आणि शेजारची पट्टी यांची अदलाबदल केली. चार दिवसांनी नोंदीतला क्रमांक बदलला. दोष पट्टीबरोबर गेला होता. खाच निर्दोष होती.

हे झाले निदान. आमचा मुद्दा मात्र त्यापुढचा आहे. सर्व्हरच्या स्मृतीत ६४ बिट माहितीमागे ८ बिट तपासणीसाठी राखलेले असतात. एक बिट उलटला, तर यंत्र तो सुधारून घेते. दोन उलटले, तर सुधारणे शक्य नसते. पण चूक ओळखता येते, आणि यंत्र थांबते. या विद्येचा पाया रिचर्ड हॅमिंग यांनी घातला. बेल प्रयोगशाळेतील गणनयंत्र सुटीच्या दिवसांत चूक आढळताच त्यांचे काम अर्धवट टाकून देई. यंत्राला चूक कळते, तर तिची जागा का कळू नये, या त्राग्यातून त्यांचा १९५० सालचा निबंध जन्मला.

साध्या संगणकात ही तपासणी सहसा नसते. तेथे उलटलेला बिट तसाच तबकडीवर लिहिला जातो. तबकड्या दोन असल्या, तर दोन्हींवर तीच चूक इमानाने उमटते. एखाद्या सनदेचे पान असे बिघडले, तर वीस वर्षांनी ते उघडणाऱ्यास आपण कोणाकडे बोट दाखवणार? ही भीती काल्पनिक नव्हे. गूगलच्या सर्व्हरांवरील २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात वर्षभरात ८ टक्क्यांहून अधिक पट्ट्यांमध्ये चुका आढळल्या होत्या.

आमचा सर्व्हर थांबत होता, तो खोटे लिहायचे टाळण्यासाठी. जुन्या दप्तरदारांकडूनही आपले पूर्वज हीच अपेक्षा करीत: आकडा जुळेना, तर पुढची ओळ लिहू नये.

कार्यकारिणीने अखेर एका नव्या पट्टीचा खर्च मंजूर केला. दर महिन्याच्या एक तारखेस सर्व्हरची नोंद वाचावी, असेही ठरले. मूळ दप्तरे मात्र त्यांच्या रुमालांतच, कपाटात राहतील.