पुसणाऱ्या हाताला विचार

नाशिक

चि. छकुलीस, मावशीचे अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेले स्वयंपाकघराचे दोन्ही फोटो पाहिले. एकात सगळी कपाटं पांढरीशुभ्र, तोंड दिसेल इतकी चकाकणारी. दुसऱ्यात काळपट राखाडी मॅट, आणि हँडल औषधालाही नाही. खाली लिहिलंयस, ‘मावशी, एका शब्दात सांग, पांढरं की राखाडी?’ एका शब्दात सांगण्यासारखं असतं तर लोकांच्या ओट्यांची मापं घेत मी इतकी वर्षं पोट भरूच शकले नसते. फोनवर सांगायला लागलं की तू ‘हो गं, कळलं’ म्हणून पुढे सरकतेस, म्हणून हे पत्र. जावईबापूंनाही वाचून दाखव. निम्मी कपाटं पुसायची पाळी त्यांच्यावरही यायला हवी.

माझं म्हणणं आधीच सांगते. तू रंगापासून सुरुवात केलीस, तिथेच उलटं झालं. आधी फिनिश ठरव. तेही विस्तवाजवळ वेगळं, पाण्याजवळ वेगळं, सारखा हात लागतो तिथे वेगळं. रंग त्यामागून. आणि फिनिश ठरवताना पुसणाऱ्या हाताला विचार. तुमच्याकडे सकाळी ज्या ताई येतात त्यांना तुझ्यानंतर आणखी घरं गाठायची असतात. त्यांच्या हाताशी जे असेल, बहुतेक हिरवी घासणी, त्यानेच ओटा, त्यानेच शेगडी आणि त्यानेच शटर पुसलं जाणार. ‘हे मऊ फडक्यानेच पुसा, तेही हलक्या हाताने’ असं रोज बजावणारी तू नव्हेस, आणि बजावलंस तरी त्यांनी का म्हणून ऐकावं?

ॲक्रिलिक दिसतं सुंदर, यात वाद नाही. शोरूममध्ये तर फारच सुंदर दिसतं, कारण तिथे कुणी फोडणी घालत नाही. एमडीएफ किंवा तसल्याच बोर्डावर चिकटवलेला तो प्लास्टिकचा पातळ पत्रा. चकाकी काचेची, पण कडकपणा काचेचा नाही. घासणीने त्यावर बारीक गोल चरे पडतात. समोरून दिसत नाहीत, पण खिडकीतून तिरका उजेड आला की सगळे एकदम उमटतात. पॉलिश करून ते बऱ्यापैकी जातात, पण त्यासाठी माणूस बोलवायचा, घरी थांबायचं. पांढऱ्यावर हे चरे आणि बोटांचे ठसे त्यातल्या त्यात झाकले जातात. गडद चकचकीतावर काहीच झाकत नाही. तुझे दोन फोटो पाहून दुकानदार ‘मग मधला मार्ग, काळं ग्लॉसी’ असा तोडगा काढेल. त्याला चहा पाज आणि परत पाठव.

पीयूमध्ये, म्हणजे पॉलियुरेथेन रंगात, हवी ती छटा फवारून मिळते, पण कोपऱ्याला कढई लागली की टवका उडतो आणि तो घरच्या घरी भरता येत नाही. पांढऱ्या पीयूचा आग्रहच असेल तर तो ॲलिफॅटिक प्रकारचा आहे ना, हे लिहून घे. ॲरोमॅटिक प्रकार उजेडाने पिवळा पडत जातो. मेम्ब्रेनचं नाव शेगडीजवळ काढू नकोस. तो पीव्हीसीचा पापुद्रा उष्णतेने कडेपासून सुटायला लागतो, आणि एकदा सुटला की येताजाता प्रत्येक जण तो आणखी थोडा ओढून बघतो.

राहता राहिलं लॅमिनेट, ज्याला तुझी आजी सरसकट सनमायका म्हणायची आणि जे घेतलं असं सांगताना हल्ली लोकांना कमीपणा वाटतो. माझं मत त्याच्याच पारड्यात. फिनॉलिक रेझिनमध्ये भिजवलेल्या तपकिरी कागदाचे थर, त्यावर रंगाचा किंवा लाकडाच्या रेषांचा एक छापील कागद, वर मेलामाइनचं कवच, आणि हे सगळं उष्णता व दाब देऊन एकजीव केलेलं. रंग एका कागदापुरताच असतो, पण ते कवच घासणीला बरंच दाद देत नाही. त्यातलं चकचकीत मात्र नको, त्यावरही चरे दिसतातच. बाहेरून १ मिमी जाडीचं, गुळगुळीत मॅट घे. खवल्या-खवल्यांचं, लाकडाचे कंगोरे हाताला लागतील असं घेऊ नकोस. तेल त्या फटींत जाऊन बसतं. शिवाय फिक्या लॅमिनेटच्या कडेला आतला तपकिरी थर बारीक रेघेसारखा दिसतो. म्हणून कडेची पट्टी, ती एजबँड, मिळत्या रंगाची आणि यंत्रावर दाबलेली हवी. सुताराने हाताने चिकटवलेली पट्टी पावसाळ्यात वाकुल्या दाखवते.

आता तेलाचं. तेल तापलं की त्याचे अतिसूक्ष्म थेंब वर उठतात आणि चिमणीच्या दोन्ही बाजूंना, वरच्या कपाटांच्या खालच्या कडेला, कपाटांच्या माथ्यावर बसतात. दोन-चार दिवसांत पुसले तर सहज निघतात. राहू दिले तर हवेतल्या प्राणवायूने ते घट्ट होत जातात. जवसाच्या तेलातला ऑइल पेंट वाळतो त्यामागे हीच क्रिया आहे. सूर्यफूल आणि सोयाबीन यात पुढे. शेंगदाण्याचं तेल त्या मानाने सावकाश. त्या चिकटाणावर धूळ बसली की जो पिवळसर तपकिरी थर होतो त्याला कुठलाच रंग लपवू शकत नाही. पांढऱ्यावर तो पिवळा दिसतो, राखाडीवर मेणचट डागासारखा. दिवाळीत चकल्या तळून झाल्यावर वरच्या कपाटाच्या माथ्यावर हात फिरवून बघ, कळेल. त्यासाठी कपाटं थेट छतापर्यंत ने. माथाच उरला नाही तर पुसायचाही प्रश्न नाही. शेगडीच्या मागच्या भिंतीला आणि लगतच्या एका शटरला मागून रंगवलेली काच लाव. काचेत काही मुरत नाही आणि घासणीचंही तिला विशेष वाटत नाही.

हळदीला तर आपल्या स्वयंपाकघरात स्वतंत्र खातं द्यायला हवं. तिचा डाग सच्छिद्र, खरखरीत पृष्ठभागात मुरतो. आपण घाबरून त्यावर साबण-सोड्याचं पाणी ओततो आणि तो तांबडा होतो. हळदीत क्षार मिसळून कुंकू करायची जुनी रीत आहे, तीच करामत तुझ्या शटरवर घडते. घाबरायचं नाही. हळदीतला करक्युमिन उजेडात टिकत नाही. उन्हाच्या बाजूच्या शटरवरचा पुसट डाग बरेचदा आपोआप फिका होत जातो. साड्यांच्या बाबतीत आई हेच करायची, डाग पडला की उन्हात टाक. पण शेगडीच्या अंधाऱ्या बाजूला ऊन कुठून आणणार?

आणि पाणी. तू म्हणालीस, सोसायटीत टँकर येतो. टँकरचं, बोअरचं जड पाणी वाळलं की क्षारांचे पांढरे ठिपके ठेवून जातं. तुझ्या त्या काळपट राखाडीवर सिंकखाली जे नक्षीकाम होईल ते पुसता पुसता ताईंचा जीव जाईल. कणकेचं पीठही गडदावरच उठून दिसतं. सिंकच्या बाजूला मध्यम रंग हवा, फार गडद नको, फार फिका नको. लोक गडद रंग ‘मळखाऊ’ म्हणून घेतात. मळ तेवढा तो खातो. पाण्याचे डाग, पीठ आणि धूळ मांडून ठेवतो.

कामावरून वस्तू ठरवायची ही रीत माझी नाही. फ्रँकफर्टमध्ये १९२६ साली व्हिएन्नाची एक वास्तुकार, मार्गारेटे श्युटे-लिहोत्स्की, हिने कामगार वसाहतींच्या घरांसाठी स्वयंपाकघर आखलं. आजच्या मॉड्युलर किचनची ती आजी म्हण. साधारण १.९ बाय ३.४ मीटर, म्हणजे तुझ्यापेक्षाही अरुंद. अशी सुमारे दहा हजार झाली. त्यात पिठाचे खण ओकच्या लाकडाचे होते, कारण ओकमधल्या टॅनिनमुळे पिठातल्या किड्यांना आळा बसतो अशी समजूत. कापायची फळी बीचची, कारण डाग आणि सुरीचे वार ती सोसते. आणि कपाटं निळसर हिरवी, कारण माश्या निळ्यावर बसत नाहीत असं तेव्हा सांगितलं जाई. माश्यांचं खरं-खोटं माश्या जाणोत. पण रंगालाही काम नेमून देणारी बाई मला आवडते. गंमत म्हणजे हे आखण्यापूर्वी आपण कधी घर चालवलंच नव्हतं, असं तिनेच पुढे सांगून टाकलं होतं.

रंगाकडे आता वळायला हरकत नाही. दुकानात तळहाताएवढा तुकडा टेबलावर आडवा ठेवून पाहिलास ना? शटर आडवं नसतं. आडव्या तुकड्यावर छताचा दिवा पडतो. उभ्या शटरवर, त्यातही ओट्याच्या कडेखाली, सावली असते. त्यात दुकानातले दिवे त्यांच्या सोयीचे. घरी तू २७०० केल्विनचा पिवळा दिवा लावलास तर करडा रंग मातकट होईल, ६५०० चा पांढरा लावलास तर बदामी रंग आजारी दिसेल. दोन नमुने एका उजेडात जुळ्या भावंडांसारखे आणि दुसऱ्या उजेडात परके, हा प्रकार मी ओटा आणि शटर यांच्या बाबतीत वारंवार पाहिलाय. मोठ्या पृष्ठभागावर रंग चढतोही. नखाएवढा गोड वाटलेला पोपटी दहा शटरवर अंगावर येतो. तेव्हा मोठा नमुना माग, कपाट येणार त्याच जागी भिंतीला टेकवून उभा कर, आणि सकाळी, दुपारी चारला, रात्री दिवा लावून बघ. तुझी खिडकी पश्चिमेची, त्यावर ड्राय बाल्कनीची सावली. दुपारी चारचा रंग हाच तुझा खरा रंग.

सासूबाई काळ्याला नको म्हणतात, आणि तू ते अंधश्रद्धेच्या खात्यात टाकलंस. त्यांच्या डोळ्यांनीही एकदा बघ. वयाबरोबर डोळ्यातलं भिंग पिवळट होत जातं, मोतीबिंदूत आणखीच. गडद निळा, काळा, करडा यांतला फरक पुसला जातो. गडद खणात ठेवलेली गडद वाटी त्यांना चाचपडून शोधावी लागेल. दिवसातून तुझ्यापेक्षा जास्त वेळ ओट्याशी त्या उभ्या असणार. म्हणून बाहेर काहीही कर, आतून सगळी कपाटं पांढरी किंवा मोतिया ठेव. आत झुरळ फिरलं तर दिसायला हवं, सांडलेली मोहरी दिसायला हवी. आतून गडद लॅमिनेट लावून देणाऱ्याला झुरळांनी कमिशन दिलेलं असतं, असं मी गमतीने म्हणते.

हँडल. कणकेचे हात असताना दाबून उघडणारं शटर कसं उघडणार आहेस? कोपराने? साधं स्टीलचं डी हँडल लाव, बोटं आरपार जातील असं. ठसे शटरवर न पडता हँडलवर पडतात आणि हँडल एका झटक्यात पुसलं जातं.

मी तुझ्या जागी असते तर खालची सगळी शटरं आणि ड्रॉवर शेवाळी रंगाच्या, थोड्या राखाडीकडे झुकणाऱ्या मॅट लॅमिनेटची केली असती. सिंकखाली तोच रंग, पण आतला प्लाय पाण्याला टिकणारा, आयएस ७१० चा, शिक्का पाहून. वरची कपाटं दुधी. शेगडीमागे दुधीच काच. काळ्या ग्रॅनाइटचा ओटा शेवाळीवर छान बसतो. कडप्प्याचा मोह होईल, पण तो चुनखडीचा दगड, लिंबू-चिंच सांडली की त्याची चकाकी जाते. आणि तुला ते चकचकीत पांढरं ॲक्रिलिक हवंच असेल, मला माहीत आहे तुला हवंय, तर फ्रिजशेजारच्या उंच कपाटाला घे. तिथे फोडणी पोचत नाही, पाणी पोचत नाही, आणि दारातून येणाऱ्याला पहिलं तेच दिसतं. शेवाळी आवडला नाही तर अंजिरी बघ, गव्हाळ बघ. मी दुखावणार नाही. रंग बदललास तरी चालेल, जागा बदलू नकोस.

सिंकखालच्या कपाटाचं माप आणि नळाच्या पाइपचा फोटो पाठव. तिथे ड्रॉवर बसतो की नुसतं शटर, ते पाहून सांगते. सासूबाईंना नमस्कार.

तुझी,
मावशी

ता. क. लॅमिनेटचे सगळे पत्रे एकदमच आणि एकाच लॉटमधले घ्यायला सांग, मागच्या शिक्क्यावर क्रमांक असतो तो जुळवून. एक पत्रा जास्तीचा घेऊन लॉफ्टवर टाक. पुढे एखादं शटर फुगलं तर तोच रंग दुकानात मिळेलच असं नाही, आणि मिळाला तरी शेजारच्या शटराशी जुळणार नाही.