ताना-बाना प्लास्टिकचा

मे संपत आला की आमच्या देवळ्यात कांद्याच्या चाळी झाकायची घाई सुरू होते. शेजारच्या शेतकऱ्याने गेल्या वर्षी खाद्याची एक रिकामी जम्बो बॅग फाडून चाळीला बांधली होती. यंदा ती सोडायला मी हात लावला, तर बोटांत पांढरा भुगा आला. बाकीचा आधीच कांद्यावर, मातीत, आणि पुढे पावसाबरोबर नाल्यातून गिरणेत जाणार.

खरं तर हे कापडच आहे. मी मालेगावात यंत्रमागाच्या खडखडाटात वाढलो. अब्बा मागावर होते, त्यामुळे वीण ओळखता येते. पॉलिप्रॉपिलीनचे दाणे वितळवून पातळ फिल्म काढतात, पाण्यात थंड करतात, पात्यांनी तिच्या पट्ट्या चिरतात आणि गरम करून ताणतात. ताकद येते ती या ताणण्यातून. मग गोल माग. अब्बांचा धोटा इकडून तिकडे धावायचा, इथले धोटे गोल फिरतात आणि कापडाची अखंड नळी बाहेर पडते. ताना आहे, बाना आहे, फक्त कापूस नाही.

अशी एक पिशवी हजार किलो सहज उचलते. त्याच मालाला पन्नास किलोची तागाची वीस पोती लागतील, म्हणून "ताग परत आणा" एवढं म्हणून भागत नाही. पिशवी पुन्हा वापरता येईल का, हा खरा प्रश्न. एकदाच वापरायच्या जम्बो बॅगने लिहिलेल्या वजनाच्या 5 पट भार सोसायचा असतो, पुन्हा वापरायच्या बॅगने 6 पट. पण ऊन सोसणारं रसायन दाण्यात घातलं नाही, तर हे आकडे आमच्या उन्हात काही महिन्यांचे सोबती.

माझ्या चुलतभावाने चार माग भंगारात विकले आणि त्याच शेडमध्ये प्लास्टिकची गिट्टी करायला लागला. त्याच्याकडे गेलो की शिकायला मिळतं. आतलं अस्तर पॉलिथिनचं असतं, ते बायका हाताने ओढून काढतात. शुद्ध पॉलिप्रॉपिलीन पाण्यावर तरंगतं. स्वस्ताईसाठी खडूची भुकटी फार मिसळली असेल तर तुकडा हौदात बुडतो. "बनवणाऱ्याने तेव्हाच दोन रुपये वाचवले भाईजान, आता आम्ही वेचतोय," तो म्हणतो.

2022 च्या नियमांनी लवचिक पॅकेजिंगमध्ये 2025-26 पासून 10 टक्के पुनर्वापर केलेलं प्लास्टिक घालायचं लक्ष्य ठेवलं. चांगलंच आहे. पण ते प्लास्टिक कुणाच्या छातीतून जातं? वितळवताना शेडमध्ये डोळे चुरचुरतात, धुतलेलं काळं पाणी गटारात जातं. त्यावरून ईदच्या दिवशी माझं त्याच्याशी भांडणही झालं. तो म्हणाला, धुराडं आणि पाण्याची टाकी बसवायची तर गिट्टीला भाव कोण देतो? मला उत्तर देता आलं नाही. त्याची खोकल्याची बाटली मात्र खिडकीत दिसत होती.

गेल्या रविवारी शेजाऱ्याची ती विरलेली बॅग मी त्याच्याकडे नेली. त्याने चिमटीत धरली, चुरगळली, आणि परत माझ्या हातात दिली.

"हा माल चालत नाही भाईजान. ऊन खाल्लंय याने."

बॅग अजून माझ्या मोटारसायकलच्या डिकीत आहे.