सशाचे बिऱ्हाड

आमच्या घरी पांढरा ससा आला, तेव्हा शेजाऱ्यांनी अंगणात पिंजरा ठेवावयास सुचविले. आम्हांस ते रुचले नाही. नागझिऱ्याचा रानससा उघड्यावर राहतो. 1972 च्या कायद्याने तो पाळताही येत नाही. पाळीव ससा मात्र बिळे खणून राहणाऱ्या युरोपीय सशाचा वंशज. त्यास घामाने अंग निववता येत नाही. गोंदियाचा पारा वैशाखात 45 अंशांपाशी गेला, की पत्र्याखालचा पिंजरा म्हणजे भट्टीच! म्हणून माजघराचा गार कोपरा आम्ही त्यास दिला. पायांस टोचणाऱ्या जाळीऐवजी धानाच्या तणशीचा जाड थर, लपावयास लाकडी खोके, जन्मभर वाढणाऱ्या दातांसाठी गवत, आणि विजेच्या तारा त्या दातांपासून दूर. भित्र्या जीवास मोकळीक नंतर, आधी आडोसा हवा. तो लाभला, तेव्हाच ससा आपण होऊन आमच्या पायांशी आला.