अम्मीच्या चालीने

अब्बांच्या इंतकालाला दोन वर्षं झाली, तरी अम्मीचं फिरणं अंगणापुरतंच होतं. हिवाळ्यात जालन्याहून आम्ही तिला कन्नडजवळच्या गौताळा अभयारण्यात नेलं. अजिंठ्याच्या डोंगररांगेतलं हे जंगल सुमारे २६० चौरस किलोमीटरचं. २०२१ मध्ये टिपेश्वरचा एक वाघ चालत इथवर आला होता. गावातला एक वाटाड्या दिवसभरासाठी फक्त आमच्या घरापुरता ठरवला. मोठ्या घोळक्यात मागे पडणाऱ्याची फरफट होते. त्याने अम्मीला आपल्या मागोमाग ठेवलं. तिच्या चालीने सगळे चालले. जोहरच्या वेळी सावलीची सपाट जागा दाखवली. नमाजनंतर अम्मी म्हणाली, "उतरायची घाई नको." वडीलधाऱ्यांना "तुम्हाला झेपणार नाही" म्हणण्याआधी असा वाटाड्या सोबत घेऊन पाहा.