दातांच्या गावाला

मैत्रिणींनो, परदेशी असलेल्या लेकीकडे राहायला जायचं म्हटलं की आपण बॅगेत काय काय कोंबतो, ते तुम्हांला सांगायला नकोच. मेतकूट, भाजणी, गोडा मसाला आणि बाळंतिणीसाठी डिंकाचे लाडू. मीही नेले. अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोना राज्यात, फिनिक्स शहराला लागून चँडलर नावाचं गाव आहे, तिथे माझी मुलगी आणि जावई राहतात. नातू झाला, सारं सुखरूप पार पडलं, आणि जानेवारीतल्या एका दुपारी त्याच लाडवानं माझा घात केला. कट्‌कन आवाज झाला. खालची डावीकडची दाढ, जिच्यात पूर्वीच चांदी भरलेली होती, तिचा कोपरा निघून हातात आला.

तुम्ही म्हणाल, मग लगेच सांगितलं असेल. छे! आठ दिवस मी कोणाला कळू दिलं नाही. आपण मदतीला आलेलो, आपलंच लोढणं त्यांच्या गळ्यात कशाला? दाढेखाली लवंग धरायची, मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या करायच्या आणि एका बाजूनं चावायचं. शेवटी माझा कोट धुवायला टाकताना लेकीला खिशात मूठभर लवंगा सापडल्या. "आई, हे काय गं?" म्हणाली, आणि माझा सुजलेला गाल पाहून तिच्या डोळ्यांत पाणीच आलं.

तिथल्या दंतवैद्यानं एक्स-रे काढला. रूट कॅनॉल आणि वर कॅप मिळून २,८०० डॉलर! मी मनातल्या मनात त्याचे रुपये केले. अडीच लाखांच्या घरात गेले. प्रवासी विम्याचा कागद काढून पाहिला. त्यात अचानक उठलेल्या ठणक्यासाठी थोडीशी रक्कम होती, पुढच्या उपचारांना नव्हती. परतीचं तिकीट दोन महिन्यांनंतरचं, आणि डॉक्टर म्हणाले, जंतुसंसर्ग आहे, इतकं थांबू नका. अशा वेळी शेजारच्या वयस्क बाईंनी आपले पांढरेशुभ्र दात दाखवून सांगितलं, "मेक्सिकोत जा. लॉस अल्गोडोनेसला. आम्ही सगळे तिथेच जातो."

हे ‘आम्ही सगळे’ म्हणजे कोण, ते तिथे गेल्यावर कळलं.

लेक तान्ह्या बाळाला घेऊन घरी राहिली, आणि मी जावयाबरोबर निघाले. जावयासमोर कधी पदर ढळू दिला नाही, आणि आता त्याच्यासमोर आ वासून बसायचं, या विचारानंच मला ओशाळल्यासारखं झालं होतं. त्याला ते कळलं असावं. वाटभर तो आपल्या आजीच्या कवळीच्या गमती सांगत होता.

चँडलरहून युमा हे सीमेजवळचं शहर मोटारीनं तीन तासांवर आहे. दोन्ही बाजूंना वाळवंट, आणि त्यात हात वर करून उभे असावेत तसे सग्वारो जातीचे उंच निवडुंग. युमा जवळ आलं की दृश्य एकदम पालटतं. कोलोरॅडो नदीच्या पाण्यावर हिरवेगार शेतमळे पसरलेले असतात. हिवाळ्यात अमेरिकेच्या ताटात येणाऱ्या सॅलडच्या पानांचा फार मोठा वाटा इथला. खजुराच्या बागाही आहेत. तिथून पुढे आठ मैलांवर अँड्रेड नावाचं सीमेचं नाकं. ही जमीन क्वेचान आदिवासींची आहे, आणि वाहनतळही तेच चालवतात. दहा डॉलर देऊन गाडी लावायची आणि चालत मेक्सिकोत शिरायचं.

एक गंमत सांगते. युमा अ‍ॅरिझोनात, आणि नाकं कॅलिफोर्नियात. हिवाळ्यात दोन्हींच्या घड्याळांत एक तासाचा फरक असतो. दहाची वेळ घेतलेली आम्ही नऊलाच जाऊन पोहोचलो!

‘अल्गोडोनेस’ म्हणजे स्पॅनिश भाषेत कापूस. गावाचं सरकारी नाव वेगळंच आहे, व्हिसेंते गेरेरो; मेक्सिकोच्या स्वातंत्र्यलढ्यातल्या पुढाऱ्याचं. लोकवस्ती पाच-सहा हजारांची, पण दंतवैद्य शेकड्यांनी. म्हणून अमेरिकन लोक याला ‘मोलर सिटी’, म्हणजे दाढांचं शहर म्हणतात. सीमेपासून चार गल्ल्या चाललात की गाव बहुतेक पाहून होतं. पण त्या चार गल्ल्यांत पाटीला पाटी लागलेली. दात, चष्मे, औषधं, पुन्हा दात. देवस्थानच्या गावी एस.टी.तून उतरल्याबरोबर "लॉज पाहिजे का, लॉज?" म्हणत माणसं अंगावर येतात ना, अगदी तसंच. "डेंटिस्ट, सेन्योरा? चष्मा? औषध?" मधूनमधून रंगीत घोंगड्या, मातीची भांडी आणि टोप्या विकणारे.

आणि गिऱ्हाईक कोण? बहुतेक सारे साठी-सत्तरीच्या पुढचे अमेरिकन आणि कॅनेडियन. थंडीचे चार महिने हे लोक बर्फाळ गावांतून युमाला येऊन चाकांच्या घरांत राहतात. त्यांना ‘स्नोबर्ड’ म्हणतात.

इतक्या श्रीमंत देशातल्या म्हाताऱ्या माणसांना दातासाठी देश का ओलांडावा लागतो? पासष्टीपुढच्या अमेरिकनांसाठी मेडिकेअर ही सरकारी योजना १९६५ साली मंजूर झाली. मूळ मेडिकेअरमध्ये हृदयाची शस्त्रक्रिया बसते, पण दात भरणं, कवळी, कॅप यांतलं बहुतेक काही बसत नाही. शिवाय तिकडचा तरुण दंतवैद्य शिकून बाहेर पडतो तो अनेकदा दोन-तीन लाख डॉलरांचं कर्ज डोक्यावर घेऊन. मेक्सिकोत सरकारी विद्यापीठाची फी नाममात्र, आणि जागेचं भाडं, मदतनिसांचे पगार सारंच कमी. तिकडे हजार-बाराशे डॉलरला पडणारी कॅप इथे दोन-अडीचशेला मिळते ती यामुळे. माल हलका असतो म्हणूनच असं नाही.

पण म्हणून डोळे मिटून कुठेही बसू नये. पहिल्या दवाखान्यात आम्ही असाच रस्त्यावरच्या माणसाचा हात धरून गेलो. चकचकीत जागा, थंडगार हवा. तिथल्या डॉक्टरांनी दोन मिनिटं पाहिलं आणि सांगितलं, "चार दाढांना कॅप घाला. आज केलंत तर निम्मा भाव." माझ्या तोंडचं पाणी पळालं. जावयानं मात्र शांतपणे चँडलरचा एक्स-रे मोबाइलवरून आमच्या पुण्याच्या डॉक्टरांना पाठवला. तिकडे रात्रीचे साडेअकरा वाजले होते. तरी दहा मिनिटांत उत्तर आलं : ‘एकच दाढ. बाकीच्यांना हात लावू देऊ नका.’

आम्ही उठलो. शेजारच्या बाईंनी नाव दिलेला दवाखाना दुसऱ्या गल्लीत, जरा साधासा होता. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी नवा एक्स-रे काढला, मला आरशात दाढ दाखवली, हत्यारांची बंद पाकिटं माझ्यासमोर फोडली आणि कागदावर आकडे लिहून दिले. रूट कॅनॉल ३००, कॅप २५०. दोन तास मी त्या खुर्चीत होते. जावई बाहेर थांबतो म्हणाला होता. पण भुलीची सुई पाहून मी दचकले, तेव्हा तोच आत आला आणि माझा हात धरून उभा राहिला. संकोच कुठल्या कुठे गेला!

डब्यात दहीभात नेला होता, तोच उपयोगी पडला. शाकाहारी असाल तर तिथली उसळ घेण्यापूर्वी ‘मांतेका’ आहे का, ते विचारा. मांतेका म्हणजे डुकराची चरबी, आणि ती उसळीत सर्रास असते.

परतीच्या रांगेत दोन तास गेले. पुढे मिनेसोटाच्या एक बाई होत्या, शाळेच्या स्वयंपाकघरात आयुष्य काढलेल्या. खालचे सगळे दात इम्प्लांटवर बसवायचे होते. हाडात रोवलेला खिळा घट्ट व्हायला चार-सहा महिने लागतात, म्हणून त्या दोन हिवाळे येत होत्या. मला म्हणाल्या, "आमच्याकडे दात हा शरीराचा भाग नाही, चैनीचा भाग आहे." बोलताना तोंडावर हात ठेवायची त्यांची सवय अजून गेली नव्हती. वाहनतळावर एकमेकींचा निरोप घेतला तेव्हा मात्र त्या तो हात काढून मनापासून हसल्या.

इथवर सगळं छान वाटतं ना? पण तिसऱ्या रात्री माझा गाल पुन्हा टरारून सुजला आणि ताप भरला. दवाखाना तीन तासांवर, मध्ये सीमा, आणि नाकं रात्री दहाला बंद होतं. लेक एका हातात बाळ आणि दुसऱ्या हातात फोन घेऊन येरझारा घालत होती. डॉक्टरीणबाईंचा फोन लागला. त्यांनी औषध बदलून दिलं आणि सांगितलं, सकाळपर्यंत सूज मानेकडे उतरली किंवा गिळता येईना, तर थेट तिथल्याच इस्पितळात जा. सुदैवानं पहाटे ताप उतरला. त्या रात्री मला स्वस्ताईचा खरा हिशेब कळला. पैसे वाचले होते खरे, पण डॉक्टर हाकेच्या अंतरावर नव्हता. पुढच्या शनिवारी पुन्हा जाऊन कॅप बसवली. पेट्रोल, वाहनतळ, खाणंपिणं सारं धरूनही पाऊण खर्च वाचला.

तेव्हा मैत्रिणींनो, कधी अशी वेळ आलीच तर थोडं लक्षात ठेवा. निघण्यापूर्वी आपल्या व्हिसाची मुदत आणि एकाहून अधिक वेळा प्रवेशाची मुभा तपासा. चालू अमेरिकन व्हिसा असला की मेक्सिकोचा वेगळा लागत नाही. पण परत आत येता आलं पाहिजे ना! एक्स-रे बरोबर न्या आणि दुसऱ्या डॉक्टरांचं मत आधीच घेऊन ठेवा. काय करणार, किती घेणार, बिघडलं तर काय, हे लिहून घ्या. रात्री उचलला जाईल असा फोन नंबर मागा. आणि ज्या उपचाराला सहा महिने लागतात तो आठ दिवसांच्या मुक्कामात बसवू नका. दाढेची गोष्ट वेगळी, शस्त्रक्रियेची वेगळी. २०२३ साली मेक्सिकोतल्याच मातामोरोस शहरात पाठीतून भूल घेऊन शस्त्रक्रिया करून घेतलेल्या अमेरिकन रुग्णांना बुरशीमुळे मेंदूज्वर झाला, आणि त्यांतले कित्येक दगावले. स्वस्त म्हणून काय करून घ्यायचं याला कुठेतरी रेघ हवी.

खरं तर आपली परदेशातली मुलंही हेच करतात. डिसेंबरात आली की दात, चष्मा, रक्त तपासणी सारं इथे उरकून घेतात. फरक एवढाच, की इथे त्यांची आई मऊ भात घेऊन बसलेली असते.

आणि एक शेवटचं. दुखणं लपवू नका गं. पहिल्याच दिवशी बोलले असते तर संसर्ग इतका वाढला नसता, आणि ती तिसरी रात्र कदाचित आलीच नसती. लेकीला माझ्या दाढेचा त्रास झाला नाही, मी आठ दिवस गप्प बसले त्याचा झाला.

हो, आणि लाडवांचं सांगायचं राहिलंच. दोष माझाच. घाईघाईत तुपाची आच मोठी ठेवली. डिंक वरून फुलला, आत खडा राहिला. थोडाथोडा डिंक मंद आचेवर तळावा, फोडून आतून पांढरा झालेला पाहावा, आणि मगच कुटून लाडवात घालावा.