पुसेगावच्या नखांवर पणजीची निळाई

पुसेगाव म्हटलं की लोक लगेच विचारतात, 'सेवागिरी महाराजांचं?' नाही हो, ते साताऱ्याचं! माझं आजोळ हिंगोली जिल्ह्यातलं, सेनगाव तालुक्यातलं पुसेगाव. संत नामदेवांचं नर्सी याच जिल्ह्यात. आणि हा सगळा पट्टा हळदीचा. ही हळद लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मामेबहिणीच्या लग्नाला निघाले, तेव्हा नुकतीच पणजीहून आले होते. फोंतेन्हासच्या गल्ल्या डोक्यात होत्या. तिथे दारोदारी निळ्या-पांढऱ्या टाइल्सवर घरांची नावं रंगवलेली. याच त्या पोर्तुगीज आझुलेजो. मेनेझेस ब्रागांझा संस्थेच्या इमारतीत तर भिंतीच्या भिंती टाइल्सच्या! कामोइंशच्या महाकाव्यातले प्रसंग जॉर्ज कोलासो या चित्रकाराने १९३५ साली त्यांवर उतरवलेत.

मोबाइलमधले फोटो बघून बहीण म्हणाली, "ताई, हे नखांवर येतं का गं?"

प्रश्न साधा नव्हता. हिची नखं आजवर कधी वाढलीच नव्हती. शेतातली कामं, भाकऱ्या, शेणसडा. लग्नासाठी म्हणून तिने ती दोन महिने जपली होती.

मग काय, बसलो ओसरीवर. आधी पांढऱ्या नेलपॉलिशचे दोन हात. ते खडखडीत वाळले की शून्य नंबरच्या ब्रशने निळं नक्षीकाम. आझुलेजोची गंमत म्हणजे बऱ्याच डिझाइन्समध्ये एका टाइलवर फक्त पाव फूल असतं. चार टाइल्स जोडल्या की फूल पुरं. तोच फंडा आम्ही वापरला. दोन्ही अंगठ्यांवर अर्धं-अर्धं फूल. नमस्काराला हात जोडले की ते पूर्ण होणार, आणि नखं आपल्याकडे वळलेली असल्याने दिसणार फक्त नवरीला!

आजी बराच वेळ बघत होती. शेवटी म्हणाली, "काय गं माय, नखाला फरशी बसवायलीस का?"

दुसऱ्या दिवशी हळद. घरची, ओली, सढळ हाताने लावलेली. तासाभरात माझा पांढराशुभ्र बेस पिवळा! तीन तासांची मेहनत होती. मी रिमूव्हरची बाटली घेऊन धावले, तर बहिणीने हात मागे घेतले. "राहू दे ना ताई. पुसेगावची हळद हाय ती."

आणि मला एकदम आठवलं. सतराव्या शतकातल्या कितीतरी आझुलेजो निळ्या, पांढऱ्या आणि पिवळ्याच असायच्या! गालिच्यासारख्या भिंतभर पसरलेल्या. नुसत्या निळ्या-पांढऱ्याची फॅशन नंतरची. चिनी मातीची भांडी आणि डच टाइल्स बघून आलेली. म्हणजे मी काढलं होतं अर्धवट, हळदीने ते पुरं केलं.

पंधरा दिवसांनी तिचा सासरहून फोन. "नखं कापली गं, भाकरी थापताना आडवी येत होती. अंगठ्यांची तेवढी ठेवलीत."

सकाळी देवापुढे हात जोडले की फूल दिसतं म्हणे. एका बाजूने थोडं उडालेलं, पण पुरं.

टिप : हळदीआधी नेल आर्ट करणार असाल, तर वरून टॉप कोटचे दोन हात द्या. किंवा देऊच नका!