केस न गाळणारें कुत्रें

आमच्या घरांत कुत्रें आणावें कीं नाहीं, हा प्रश्न प्रथम निघाला तो गेल्या दिवाळीच्या सुट्टींत. धाकट्या चिरंजिवांचा मुलगा नऊ वर्षांचा आहे. बोलतांना तो अडखळतो. शाळेंत मुलें हंसतात म्हणून तेथें बहुधा मुकाच असतो. परंतु फाटकापाशीं बसणाऱ्या कुत्रीला तो रोज संध्याकाळीं पोळी घालावयास जातो, आणि तिच्याशीं बोलतांना त्याची जीभ कोठेंच अडत नाहीं. हें मीं माझ्या खिडकींतून अनेकदां ऐकिलें आहे. पस्तीस वर्षें मुलांकडून शब्दरूपें म्हणवून घेण्यांत घालविलेल्या माणसास तें ऐकून काय वाटलें असेल, तें वाचकांनींच ओळखावें.

अडचण अशी, कीं त्याची आई, म्हणजे आमची धाकटी सूनबाई, हिला दमा आहे. कुत्रें असलेल्या घरीं घटकाभर बसून आली कीं डोळे लाल, नाक चोंदलेलें आणि रात्रीं छातींत घरघर. तरी कुत्रें आणूं या, हा आग्रह तिचाच. ज्यांचे केस गळत नाहींत अशा लहान चणीच्या जाती असतात व त्या अशा माणसांस बाधत नाहींत, असें थोरल्या सूनबाईनें कोठेंसें ऐकिलें होतें. आमच्या मंडळींचें म्हणणें निराळें. देवघराच्या घरांत कुत्रें नको, हा त्यांचा जुना दंडक. मीं महाभारताचा आधार काढला : स्वर्गाच्या वाटेवर युधिष्ठिरानें इंद्राचा रथ नाकारला, पण सोबत आलेल्या कुत्र्यास टाकिलें नाहीं. शिवाय पाणिनीनें कुत्रा, तरुण आणि इंद्र या तिघांस एकाच सूत्रांत शेजारीं बसविलें आहे! त्यावर, "धर्मराजाला दमा नव्हता," एवढेंच बोलून त्या स्वयंपाकघरांत गेल्या. या उत्तरास माझ्यापाशीं उत्तर नव्हतें; आजही नाहीं.

शोधाचें काम अर्थातच रिकामपणामुळें माझ्याकडे आलें. पूडल, माल्टीज, बिशाँ फ्रीझ, शित्झू, ल्हासा आप्सो अशीं नांवें मीं वहींत उतरून घेतलीं. पूडलचे केस इतर कुत्र्यांप्रमाणें लौकर झडून जात नाहींत. ते बराच काळ वाढत राहतात आणि सुटलेला केसही कुरळ्यांतच अडकून राहतो. म्हणून घर स्वच्छ दिसतें. पण त्याच कारणानें रोज विंचरावें लागतें, चार-सहा आठवड्यांनीं कातरावें लागतें, नाहीं तर जटा होऊन कातडी दुखावते. शित्झूचें तोंड चपटें. आमच्याकडील वैशाखाचें ऊन त्यास सोसत नाहीं. हीं माहिती कोणी विक्रेता आपण होऊन सांगत नाहीं. मीं ज्याच्याकडे गेलों त्यानें एका पिलाचे चाळीस हजार सांगितले आणि वर, "गुरुजी, हें हायपोअलर्जेनिक आहे, चिंता सोडा," असें आश्वासन दिलें.

शब्द पाहिला कीं त्याची फोड केल्यावांचून मला राहवत नाहीं. 'अलर्जी' हा शब्द व्हिएन्नाच्या क्लेमेन्स फॉन पिर्के या वैद्यानें १९०६ मध्यें घडविला. त्यामागें लागलेला ग्रीक 'हायपो' हा आपल्या 'उप'चा सख्खा भाऊ. उपनगर म्हणजे पुरें नगर नव्हे हें खरें, परंतु तेथें वस्तीच नाहीं असें कोण म्हणेल? विक्रेता मात्र 'उप'चा अर्थ 'अभाव' असा करीत होता. वर्गांत असता तर मीं त्यास बाकावर उभा केला असता.

पुढें आमच्या डॉक्टरांनीं सांगितलें तें याहून महत्त्वाचें. केस हे मूळ अपराधीच नव्हेत. बाधणारीं द्रव्यें हीं प्रथिनें असून तीं कुत्र्याच्या लाळेंत, कातडीच्या कोंड्यांत आणि मूत्रांत असतात. केस हें केवळ त्यांचें वाहन. कोंडा तर प्रत्येक कुत्र्यास असतो. अमेरिकेंत १७३ घरांतील धूळ तपासून २०११ मध्यें प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत या 'निर्धोक' जातींच्या घरीं आणि इतरांच्या घरीं त्या द्रव्याच्या प्रमाणांत फरक आढळला नाहीं. २०१२ च्या हॉलंडमधील अभ्यासांत तर अशा जातींच्या केसांत तें अधिकच निघालें. कुत्र्यास स्नान घातल्यानें तें कमी होतें, पण थोड्या दिवसांत पुन्हां पूर्ववत्; म्हणून आठवड्यांतून दोनदां तरी घालावें लागतें.

लाब्राडूडल या जातीची कथाही मला येथेंच कळली. हवाई बेटांतील एका अंध बाईस वाटाड्या कुत्रा हवा होता, परंतु तिच्या पतीस कुत्रें सोसत नसे. तेव्हां ऑस्ट्रेलियांतील वॉली कॉनरन यांनीं १९८९ मध्यें पूडल व लाब्राडॉर यांचा संकर केला आणि झालेल्या तीन पिलांचे केस व लाळ त्या पतीकडे परीक्षेस पाठविली. तिघांपैकीं एकच बाधलें नाहीं. एका आईचीं, एका वेळचीं तीन भावंडें, आणि त्यांतही असा भेद! जातीच्या नांवावर विसंबून चालणार नाहीं हें मला तेव्हां पटलें.

म्हणून खरेदी बाजूस ठेवून, ओळखीच्या एका घरीं शित्झूचा कुत्रा होता तेथें सूनबाईस दोनदां घेऊन गेलों. दोन्ही वेळां, "मला कांहीं झालें नाहीं," असें ती म्हणाली. घर आनंदलें. दुसऱ्या भेटीच्या रात्रीं दोनच्या सुमारास मी पाणी प्यावयास उठलों, तों ती काळोखांत जिन्याच्या पायरीवर बसलेली. हातांत औषधाचा पंप, खांदे वरखालीं होत होते. मला पाहून म्हणाली, "मामंजी, कोणास सांगूं नका. त्याला कुत्रें मिळालें पाहिजे."

सकाळीं मीं सांगितलें. विश्वासघात म्हणावयाचा असेल तर म्हणावा. ती दोन दिवस माझ्याशीं बोलली नाहीं.

डॉक्टरांनीं तिचें रक्त मुंबईस तपासणीस पाठविलें, आणि उत्तर आलें तें कोणाच्याच ध्यानीं नव्हतें. कुत्र्याच्या प्रथिनांपैकीं एक केवळ नराच्या प्रोस्टेट ग्रंथींत तयार होतें. तें मूत्रावाटे बाहेर पडून केसांस लागतें. कांहीं रोग्यांस तेवढेंच बाधतें, आणि सूनबाई त्यांतलीच निघाली. अशांस कुत्री बहुधा सोसते. "बहुधा" या शब्दावर डॉक्टरांनीं दोनदां बोट ठेविलें : पुष्कळ दिवस पारखून पाहावें, औषध सोडूं नये, निजावयाच्या खोलींत जनावर येऊं देऊं नये, छाती भरली कीं तेथेंच थांबावें. आणि यापुढें कांहीं लपवूं नये, हें त्यांनीं तिच्याकडे पाहून सांगितलें.

पुन्हां वही उघडून मीं पूडलच्या माद्यांची चौकशी करूं लागलों. नातू शेजारीं उभा होता. तो बराच वेळ ओठ हालवीत राहिला आणि मग म्हणाला, "आ-आजोबा, म-मग फाटकावरची?"

मीं वही मिटली. ती कुत्रीच आहे, चणीनें लहान आहे, आणि तिची किंमत रोजची एक पोळी. केस ती भरपूर गाळते, हा भाग निराळा. केर काढणें मीं पत्करलें आहे. पशुवैद्यांकडून तिला रेबीजची लस व जंतांचें औषध दिलें. शस्त्रक्रिया पुढील महिन्यांत आहे.

आज नववी संध्याकाळ. सूनबाई फाटकाच्या पायरीवर तासभर बसते, पंप ओटींत असतो, आणि रात्रीं घरघर आहे कीं नाहीं तें सकाळीं मला खरें सांगावयाचें असा करार आहे. अद्याप नाहीं. महिनाभर असेंच गेलें तर कुत्री अंगणांत येईल. मंडळींनीं परवां एक जुनी गोणपाटाची घडी मागल्या दाराशीं टाकिली. कशाकरितां म्हणून विचारलें, तर पाय पुसण्याकरितां म्हणाल्या. कोणाचे, तें सांगितलें नाहीं.